येतो

पोलिस अ‍ॅक्शननंतर छावणीत आलेल्या नव्या साहेबांना इथली बोली शिकायची फार हौस. दुभाषे नरहरराव त्यांना इंग्रजीतून मराठी शिकवायचे.

“आमच्याकडं निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, साहेब. अशुभ असतं. ‘येतो’ म्हणायचं.”

“म्हणजे गेलेल्या माणसाला ‘येतो’ म्हणायचं!” साहेबांना मोठी गंमत वाटली. नरहररावही हसले. चूक दुरुस्त करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुबलगुंडीची सिद्धम्मा छावणीच्या फाटकाशी आली. तिच्या नवऱ्याला, जगदेवप्पाला, चौकशीसाठी उचलून आणलं होतं.

“आमच्या मालकाला कवा सोडायलाव, साहेब?”

नरहरराव ते इंग्रजीत सांगायला लागले, तसं साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग तिच्याच भाषेत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “जगदेवप्पा येतो.”

“येतो म्हनले!” सिद्धम्माचा चेहरा उजळला. “मग म्या हितंच बसते. संगंच जाऊ घरी.” भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन ती लिंबाखाली टेकली.

नरहररावांनी वळून पाहिलं.



साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.