क्षिप्राचा फिलोडेंड्रॉन

मुलीचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल आला, तशी प्रमोदिनीताईंनी आधी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"आई, बाबा आजही नाहीत?"

"काठी टेकत टेकत गेलेत सुपारीच्या वाडीत. घरात ठरतात कुठे!" त्यांनी घाईघाईने फोन कोपऱ्यातल्या कुंडीकडे वळवला. "ते राहू दे. हा तुझा फिलोडेंड्रॉन बघ. नुसता जमिनीवर लोळत होता. आधार दिला, तर कसा सरसर चढतोय!"

"पाणी जास्त नाही ना घालत? पानं पुसतेस?"

"रोज पुसते गं. हे बघ, नवं पान." त्यांनी फोन आणखी जवळ नेला.

क्षिप्रा स्क्रीनकडे वाकली.



"आई... बाबांची काठी तर कुंडीत आहे."