पंखाखालचे पाय

धुक्यात तळ्याला काठच उरला नव्हता. डोंग्याच्या टोकाशी सुकरामची सासू तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. "एकट्या बाप्याच्यानं का पोर जगते, जवाईबापू? माझी पोरगी तर गेली, नातू तरी वाचू द्या," म्हणत ती त्याला आपल्या गावी न्यायला आली होती. सुकरामला नाही म्हणवलं नव्हतं. तो त्यांना पोचवायला वल्हवत होता.

शिंगाड्याच्या वेलांपाशी त्यानं वल्हं वर घेतलं. वाटेत पिलं दिसली की ती हलेपर्यंत थांबायचं, ही त्याच्या घरची रीत. पुढ्यात एक कमळपक्षी पानावर टेकला, तशी पिलं त्याच्या पंखांखाली शिरली. मग तो उठून पानापानांवरून चालू लागला. पंखांखालून नुसते इवले पाय लोंबत होते.

"माय ते मायच," सासू म्हणाली.

"माय नाही जी, बाप हाये तो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं समदं तोच करते."

पाखरू धुक्यात विरलं, तरी सासू तिकडेच पाहत राहिली. मग तिनं बाळ त्याच्याकडे दिलं.

सुकरामनं बाळाला दुपट्ट्यानं छातीशी बांधलं आणि डोंगा घराकडे वळवला. दुपट्ट्याखालून दोन इवले पाय लोंबत होते.