भिंतीपलीकडचे पाढे

शेजारच्या वर्गातल्या बाई टाळ्यांच्या ठेक्यावर, चालीत पाढे शिकवायच्या. इकडच्या सरांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, “ही शाळा आहे की बँडपथक? त्या गोंगाटात माझ्या मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही.”

बाईंचा वर्ग मैदानापलीकडच्या खोलीत हलवला. आता सरांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. महिनाभर त्यांनी निवांत शिकवलं आणि मग पाढे विचारले. बोटांनी बाकावर हळूच ठेका धरत सगळा वर्ग सतरापर्यंत घडाघड म्हणून गेला. अठराला मात्र सगळे गप्प.

“आता काय झालं?” सरांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “सर, सतराचा झाला आणि तुम्ही बाईंना हलवलंत.”