नदीचा आकडा

“बहनजी, आज घड्याळ बंद पडलंय का? नदीचा आकडा आला नाही,” सीमेपलीकडच्या बंधाऱ्यावरून तो फोनवर विचारत होता. नऊ पावसाळे ती नदीच्या वरच्या अंगाच्या मोजणी केंद्रातून त्याला दर तासाची पातळी कळवत आली होती.

“राजदूत परत बोलावलेत. आकडे द्यायचे नाहीत, असा वरून आदेश आहे,” ती म्हणाली. साहेब तिच्या शेजारीच उभे होते.

“बरं, म्हशी तरी सोडून देऊ का?” तो हसला.

खिडकीबाहेरच्या मोजपट्टीवरची धोक्याची खूण बुडाली होती. चार तासांत हे पाणी त्याच्या गावात शिरणार होतं. काही सांगू नका, असं साहेबांनी मानेनेच खुणावलं. पण ‘नको’ असं तिने म्हटलं नाही.

त्याचं हसू थांबलं. “समजलो. पण बहनजी, तुमच्या आकड्याशिवाय मला भोंगा वाजवायची परवानगी नाही.”

पाणी चढत होतं. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.