तीन लाल फडकी

“माझ्या बायकोवर परक्याची नजर पडणार,” तोल्किन म्हणाला आणि त्याने बोट वर केलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. भिंतीपलीकडे शेजारच्या हिकमतने पॉपलरचे उंच वासे रोवले होते. नव्या घराचा वरचा मजला कुठवर येणार ते दाखवायला त्यांना दोरी बांधली होती, आणि दोरीवर तीन लाल फडकी लटकत होती. एकेक फडकं म्हणजे एकेक खिडकी. तिन्ही तोल्किनच्या अंगणावर.

मोहल्ल्याची बैठक एरवी चहाखान्यात भरते. पण तक्रार नजरेची, तेव्हा नजर जिथे पडणार ती जागा बघायला नको? म्हणून मोहल्ल्याचे रईस, म्हणजे प्रमुख, एर्गाश-अका शेजारपाजाऱ्यांना घेऊन तोल्किनच्याच अंगणात आले होते. या अंगणात बाहेरचं माणूस येऊन बरीच वर्षं झाली होती. द्राक्षाच्या मांडवाखाली गाद्या घातल्या होत्या, गरम नान होते, जर्दाळू होते. तोल्किनची बायको नफोसत खाली मान घालून पियाल्यांत चहा ओतत होती.

तक्रारी काय, सगळ्यांच्याच होत्या. सोबीर म्हाताऱ्याच्या टोमॅटोंवर सावली पडणार होती. झुमराद-ओपाचं म्हणणं, पाया खणताना तिच्या तंदूरला तडा गेला तर हिकमत काय घरोघरी नान मागून आणून देणार आहे का? कोणाला विटांच्या ट्रकची काळजी, कोणाला गल्लीतल्या पाण्याच्या नळाची. हिकमत बिचारा सगळ्यांना हो हो म्हणत होता. मुलाचं लग्न ठरलेलं, आणि जागा एवढीशी. वर मजला चढवल्याशिवाय सुनेला ठेवणार कुठे?

टोमॅटोवर हसून झालं, तंदूरवरही हसून झालं. अब्रूच्या गोष्टीवर मात्र कोणी हसेना. उलट सगळ्यांनी तोल्किनचं कौतुक केलं. बाजारात त्याचं कापडाचं दुकान, बोलणं मऊ, जुम्याची नमाज कधी चुकली नाही. सोबीर म्हातारा तर म्हणाला की घरच्या बाईला जपावं ते या माणसानं.

जपत होताच तो. लग्नानंतर त्याने ती भिंत दोनदा वाढवली होती. दुकानात जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. नफोसतचा फोन दुरुस्तीला म्हणून नेला तो परत आलाच नाही. माहेर बसने तासाभरावर, पण आईच्या आजारपणातही तिला जाता आलं नव्हतं. आणि डोकं फिरलं की तोल्किनचा हात चालायचा. कधी हात, कधी हाताला लागेल ते. मोहल्ल्यात यावर कोणी बोलत नसे. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, एवढी सभ्यता आमच्याकडे आहे.

सकाळी रेहानच्या रोपांना पाणी घालताना नफोसतला ती लाल फडकी दिसली होती. तिच्या हातातली झारी रिकामी झाली तरी ती बघतच उभी राहिली. खिडकी म्हणजे खिडकीत माणूस. पडदा सारणारी नवी सून, गादी उन्हाला टाकणारी सासू, उगाच बाहेर बघणारं एखादं पोर. तिला त्या खिडक्या हव्या होत्या. इतकं काही हवंसं वाटणं ती विसरूनच गेली होती. आणि आता तिच्याच हातचा चहा पीत, तिच्याच भल्यासाठी, ही सगळी चांगली माणसं त्या बुजवायला बसली होती.

शेवटी हिकमत थकला. त्या बाजूला सरसकट वीट लावतो म्हणाला. खोली अंधारी होईल, पण शेजाऱ्याशी वाकडं नको. एर्गाश-अकांना हायसं वाटलं. वीट लावायची, विषय संपला. राहता राहिला एक रिवाज. तक्रार बाईच्या पडद्याची असली की त्या बाईला एकदा विचारायचं असतं. तसा तो नावापुरताच. अशा वेळी बाई छातीवर हात ठेवते, जराशी वाकते, आणि तेच तिचं हो समजतात. तरी त्यांनी आधी तोल्किनला विचारलं.

“विचारा की,” तोल्किन हसला. “ती काय वेगळं बोलणार आहे?”

एर्गाश-अकांनी विचारलं, आणि उत्तर ठरलेलंच म्हणून दुवेसाठी हातही उचलले. त्यांचं बघून बाकीच्यांनी उचलले. नफोसतने चहाची किटली खाली ठेवली. तिचा हात छातीशी गेला नाही, आणि ती वाकलीही नाही.

“खिडक्या राहू द्या, अका.”

उचललेले हात तसेच राहिले. तोल्किनच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. आत जा, असं तो अगदी हळू, अगदी मऊ आवाजात म्हणाला. आत गेलं की आज काय होणार ते तिला नीट ठाऊक होतं. तरी ती जागची हलली नाही.

एर्गाश-अकांना वाटलं, पोरगी घाबरून काहीतरी भलतंच बोलली. लेकीला समजवावं तसं ते म्हणाले, “अगं पोरी, कळतंय का तुला? वरून तू त्यांना दिसशील.”

“ऐकू तर तुम्हा सगळ्यांना येतंच,” नफोसत म्हणाली. “निदान एकाला दिसू दे.”