शेवयांचा डबा

सकाळी अकराला माळा आवरताना सुनेला शेवयांच्या रिकाम्या डब्यात चांदीची वाटी सापडली. डब्यावरची ‘शेवया’ लिहिलेली चिठ्ठी सासूबाईंच्या अक्षरातली होती. सहा वर्षांपूर्वी हीच वाटी चोरल्याचा आळ त्यांनी तिच्या आईवर घेतला होता. तेव्हापासून आई इथे आली नव्हती.

“काय सापडलं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“जुनी घाण. आज सगळी काढते.”

तिनं वाटी घासून लख्ख केली आणि आईला फोन केला.

संध्याकाळी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वीस बायका जमल्या. गौरीपुढे त्याच वाटीत आंबेडाळ पाहून सासूबाईंचा कुंकू लावणारा हात थांबला.

“आई येतेय,” सून सगळ्यांदेखत म्हणाली. “दार तुम्हीच उघडा. वाटी कुठे सापडली, तेही तुम्हीच सांगा.”

सव्वासहाला बेल वाजली. कडीवर हात ठेवून सासूबाई अजून उभ्याच आहेत.