गजराची धार

“मी न्हाय पिणार,” कृष्णातमामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. “चाळीस वर्सं दूधकट्ट्यावर म्हस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली, आन् आता डब्यातली भुकटी पिऊ व्हय?”

संयोगिता सिस्टर घरी येऊन त्यांच्या पाठीला पट्टी लावत होत्या. गोठ्यात पाय घसरून मामांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पडून पडून माकडहाडावर लिंबाएवढी जखम झाली होती.

“नुसतं वरनं मलम लावून भागत न्हाय, मामा,” सिस्टर म्हणाल्या. “जखम आतनं भरायची तर अंगात प्रोटीन पाह्यजे. दर दोन तासांनी कूस बदला आन् ही पावडर घ्या. पाडव्यापर्यंत भरली तर खुर्चीत बसा. न्हाय भरली तर परत ऑपरेशन.”

पाडव्याचं नाव निघालं तसं मामांनी भिंतीकडचं तोंड सिस्टरांकडं वळवलं.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या, शिंगं रंगवायची, आणि मालकानं हाक मारली की गर्दी फोडून म्हशीनं पळत यायचं. उचगावात गेली नऊ वर्षं या कामी मामांच्या गजरा म्हशीला जोड नव्हती. आपण अंथरुणात राहिलो तर तिला हाक कोण मारणार? आणि दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती धावली तर? हा विचार त्यांना जखमेपेक्षा जास्त झोंबत होता.

“बरं, पितो,” ते म्हणाले. त्यांच्या मनात मात्र वेगळंच होतं.

गजराचा खुंटा मामांच्या खिडकीला लागूनच होता. सून वर्षाराणी सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या पावडरीचा ग्लास उशाशी ठेवून जाई. तिची पाठ वळली की मामा कोपरावर रेलून तो खिडकीबाहेरच्या घमेल्यात ओतत. गजरा जिभेनं घमेलं लख्ख करी. मामांना वाटे, मिरवणूक तिची आहे, ताकद तिलाच मिळू दे.

स्वतःसाठी त्यांचं औषध ठरलेलं होतं. वर्षाराणी दिवसातून दोनदा पितळी तांब्या भरून फेसाळ, कोमट दूध आणी.

“गजराची धार हाय, मामा.”

मामा घटाघटा पीत आणि मिशीवरचा फेस पुसत. दुधात नुसतं बोट बुडवून पाणी किती हे सांगणारा माणूस तो, त्याला कोण फसवणार?

“ह्याला म्हणत्यात दूध! दाट बघ कसं. पर ही वेलची कशाला घालतीस?”

“तोंडाला चव यावी म्हणून.”

एक गोष्ट मात्र मामांच्या मनाला लागली होती. गजरा एकहाती म्हैस. मामांशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. मुलगा अमरसिंह एकदा चरवी घेऊन बसला, तो तीन दिवस लंगडत होता.

“तुला लाथ मारत न्हाय?” मामांनी एकदा विचारलंच.

“न्हाय की. परसात नेली की गप उभी ऱ्हातीया.”

मामांनी कूस बदलली. नऊ वर्षं पोरीसारखी सांभाळली, आणि आठ दिवसांत बया सुनेच्या हाताला सरावली! त्यांना खरंच रडू आलं. स्वयंपाकघरातून रवीचा घुर्रघुर्र आवाज येत होता. ताक करत असेल, असं त्यांना वाटलं. पानात ताक कधी आलं नाही, पण म्हशीच्या दुःखात ताकाची आठवण कुणाला राहते?

जखम मात्र भरू लागली. लिंबाची बोराएवढी झाली, बोराची वाटाण्याएवढी. सिस्टर दर शनिवारी मोजपट्टी लावून बघत आणि खूश होत.

“बघा मामा, पावडरीचा गुण!”

“व्हय तर,” मामा म्हणत आणि खिडकीकडं बघून डोळा मारत.

पाडव्याच्या चार दिवस आधी जखम पुरती मिटली. मऊ उशी घालून अमरसिंहनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि मैदानावर नेलं. सिस्टरही बघायला आल्या होत्या. पलीकडच्या टोकाला गजरा उभी होती. लाल शिंगं, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर वर्षाराणीनं शिवलेली गुडघ्यापर्यंतची मखमली झूल.

मामांनी छातीत श्वास भरला. “गजरेऽऽ!”

म्हशीनं मान वर केली आणि ढोल-ताशा, फटाके, माणसं कशाचीही पर्वा न करता ती सुसाट आली. खुर्चीपुढं थांबून तिनं नाक मामांच्या मांडीवर ठेवलं. मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. पहिल्या नंबराची ढाल आली, पाठोपाठ माईकही आला.

मामांना आता राहवेना.

“समद्यांस्नी सांगतो! सिस्टरांची पावडर मी एक घोटसुदिक पिलो न्हाय. खिडकीतनं समदी ह्या गजराला पाजली. माझी जखम भरली ती हिच्या दुधानं! डबा गेला खड्ड्यात!”

लोक हसून लोटपोट झाले. सिस्टरांचा चेहरा पडला. वर्षाराणी पदर खोचून पुढं आली आणि सासऱ्याच्या कानाशी वाकली. माईक चालूच होता.

“मामा, खिडकीतनं ग्लास वततासा ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवसापासनं त्यात नुसती ज्वारीच्या पिठाची पेज हुती.”

“असू दे की. मी तर तांब्यातली धार पीत हुतो.”

“कसली धार, मामा? तुम्ही पडलासा तवापासनं गजरानं कुणाला आचळाला हात लावू दिला न्हाय. दोन म्हयनं झालं, आटलीया ती.”